ऑर्किडाचा हिंवाळा



ऑर्किड हें नांव उच्चारलें म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एखाद्या श्रीमंत विवाहसमारंभांतील पुष्परचना किंवा मोठ्या हॉटेलच्या दर्शनी दालनांत ठेवलेली जांभळ्या फुलांची दांडी उभी राहते. फूल परकें, नांव परकें आणि तें जगविण्याची विद्याही परकीच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती निम्मी तरी चुकीची आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पेणच्या अलीकडे, जिते नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. उत्तरेस पाताळगंगा, दक्षिणेस भोगावती आणि जवळच कर्नाळ्याचा सुळका, असा हा जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यांतील, टापू आहे. ज्येष्ठाच्या आरंभीं, मृगाच्या सरी पडण्याच्या सुमारास, अशा टापूंतील एखाद्या जुन्या रायवळ आंब्याच्या किंवा ऐनाच्या आडव्या खांदीकडे मान वर करून पाहावें. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असलेल्या फुलांचे दाट घोंस वेणीसारखे खालीं लोंबतांना दिसतात. हीच ‘सीतेची वेणी’. कोणी तिला द्रौपदीची वेणीही म्हणतात. आसामांत हिलाच कपौफूल म्हणतात आणि तेथील मुली बिहूच्या नृत्यासाठीं तें केसांत माळतात. ऑर्किड तें हेंच.

मराठी शास्त्रीय ग्रंथांत या कुळास ‘आमर’ असें नांव योजिलें आहे. परंतु तें अद्याप पुस्तकांबाहेर फारसें पडलेलें नाहीं. गांवचे लोक या सर्वांना सरसकट ‘बांडगूळ’ म्हणून मोकळे होतात, आणि हा मात्र अन्याय आहे. बांडगूळ हें झाडाच्या अंगांत मूळ खुपसून त्याचा रस पितें. ऑर्किड झाडावर केवळ वस्तीला असतें. त्याचीं मुळें सालीवरून धांवतात, कांहीं हवेंतच लोंबकळतात, आणि त्यांवर पांढऱ्या स्पंजासारखें एक वेष्टण असतें. पावसाचें पाणी, पहांटेचें दंव, सालीवरून ओघळणारा ओलावा हें तें वेष्टण क्षणांत टिपून घेतें. झाडाकडून त्यास हवी असते ती उंचीवरची जागा, गाळीव ऊन आणि वारा. आजच्या सगळ्या कथेचें मर्म या शेवटच्या शब्दांत आहे, म्हणून तो जरा ध्यानांत ठेवावा.

आतां कथेकडे वळूं. ज्या देशांत हिंवाळ्यांत बर्फ पडतें, तळीं गोठतात आणि दुपारीं चारलाच दिवे लावावे लागतात, त्या देशांतील लोकांनीं ही उष्ण प्रदेशांतील वनस्पती घरांत जगविण्याचा हट्ट धरिला. त्या हट्टापायीं त्यांनीं किती कोळसा जाळिला, किती झाडें मारिलीं आणि शेवटीं त्यांना काय उमगलें, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यांत भारताचा भाग मोठा आहे. रोपें येथून गेलीं, आणि चूक कोठें होते आहे हेंही पुष्कळ अंशीं येथेंच कळून आलें.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑर्किडांची चित्रें युरोपांत पोंचलीं तीं सतराव्या शतकांत. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें तेथील वैद्यांच्या साह्यानें सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापले गेले. त्यांत झाडांवर वाढणाऱ्या या वनस्पतींचीं चित्रें आहेत. पुढें १७५३ सालीं लिनियसनें आपल्या सीतेच्या वेणीला शास्त्रीय नांवही दिलें. परंतु चित्र पाहणें निराळें आणि जिवंत रोप लंडनच्या पौषांत फुलविणें निराळें. एक तर तें रोप पोंचेचना. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या गलबतावर चार-सहा महिने खारे वारे, उंदीर आणि गोड्या पाण्याचा तुटवडा सोसून जें कांहीं बंदरांत उतरे, तें बहुधा वाळलेलें काष्ठच असे.

हा पहिला अडसर दूर झाला तो एका डॉक्टरच्या फुलपांखरांच्या छंदामुळें. लंडनच्या पूर्व भागांत नॅथॅनिएल वॉर्ड नांवाचे एक वैद्य राहत असत. १८२९ सालीं त्यांनीं पतंगाचा एक कोश ओलसर मातींत घालून झांकणबंद बाटलींत ठेवला होता. पतंगाचें पुढें काय झालें तें असो. मातींतून मात्र एक नेचा व एक गवताचें पातें उगवून आलें आणि बाहेरून थेंबभरही पाणी न घालतां तीं वर्षानुवर्षें जगलीं. दिवसा ओलावा वाफ होऊन कांचेवर जमे, आणि रात्रीं थेंबाथेंबानें पुन्हा मातींत उतरे. लंडनच्या कोळशाच्या धुरानें ज्यांच्या बागेंतील नेचे मरत, त्या गृहस्थाला या बाटलींत काय दिसलें असेल याची कल्पना आपण करूं शकतों. १८३३ सालीं त्यांनीं अशा दोन कांचेच्या बंद पेट्या रोपांनीं भरून सिडनीला धाडल्या. तेथून परत येतांना त्यांत ऑस्ट्रेलियाचीं रोपें भरलीं. जहाजाच्या उघड्या डेकवर त्या पेट्यांनीं विषुववृत्ताचें ऊन सोसलें, हॉर्न भूशिराजवळचें बर्फ सोसलें, आणि रोपें हिरवींगार उतरलीं. वॉर्डच्या या पेटीनें पुढें चीनमधील चहा हिमालयांत आणला आणि दक्षिण अमेरिकेंतील सिंकोना नीलगिरीवर नेला. साम्राज्यें केवळ तोफांनीं बांधलीं जात नाहींत, असें म्हणण्याचा मोह येथें होतो.

त्याच १८३३ सालीं डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकानें लंडनच्या एका प्रदर्शनांत फुलपांखरासारखें दिसणारें एक ऑर्किड पाहिलें आणि तो त्या फुलाच्या नादीं लागला तो कायमचाच. पैसा अमाप, घर चॅट्सवर्थ येथें राजवाड्याच्या तोडीचें, आणि पदरीं जोसेफ पॅक्स्टन नांवाचा असामान्य माळी. पॅक्स्टननें आपल्या हाताखालच्या जॉन गिब्सन या तरुणास १८३५ सालीं हिंदुस्थानांत धाडलें. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजानें कलकत्त्यास आले त्याच जहाजांतून हा माळ्याचा पोर आला. बरोबर वॉर्डच्या पेट्या होत्या. चेरापुंजी आणि खासी टेंकड्या पालथ्या घालून त्यानें ऑर्किडांच्या अनेक नव्या जाती मिळविल्या आणि १८३७ सालीं तो परत गेला. डेंड्रोबियम वंशांतील एका जातीस आज ड्यूकाचें नांव आहे, दुसरीस गिब्सनचें. त्याला मुख्यतः आणावयास सांगितलें होतें तें मात्र ऑर्किड नव्हतेंच. तें होतें ब्रह्मदेशांतील ‘ॲम्हर्स्टिया’ हें झाड. लाल तुऱ्यांचें हें झाड आपल्या मुंबईकरांच्या ओळखीचें आहे. राणीच्या बागेंत त्याला ‘उर्वशी’ म्हणतात. गिब्सननें त्याचें रोप जिवंत पोंचविलें, पण ड्यूकाच्या कांचघरांत ही उर्वशी कधीं फुलली नाहीं. इंग्लंडांत ती प्रथम फुलली १८४९ सालीं, लंडनजवळ मिसेस लॉरेन्स या बाईंच्या बागेंत. माळ्यांच्या जगांतही असे मत्सराचे प्रसंग घडतात.

रोपें पोंचलीं, पण पोंचलेलीं रोपें जगेनात. आणि येथूनच माझ्या मतें या इतिहासाचा खरा भाग सुरू होतो.

उष्ण कटिबंधाविषयीं त्या काळच्या इंग्रज माळ्याच्या मनांत एक चित्र पक्कें बसलें होतें. घनदाट काळोखें अरण्य, अंगाची काहिली करणारा उकाडा, चिखल, आणि बाराही महिने टपटपणारें पाणी. जॉन लिंडली हे त्या वेळचे ऑर्किडांचे सर्वश्रेष्ठ पंडित. आपल्या कोंकणांतील कित्येक जातींना शास्त्रीय नांवें त्यांनींच दिलेलीं आहेत. एरिडीस क्रिस्पा हें नांव १८३३ सालचें, एरिडीस मॅक्युलोसा हें १८४५ सालचें. अशा अधिकारी पुरुषानें १८३० सालीं उपाय सांगितला तो असा, कीं या वनस्पतींना भरपूर उष्णता, दाट सावली आणि हवेंत अतोनात ओल द्यावी. झालें! त्या काळीं इंग्रज ज्याला ‘स्टोव्ह’ म्हणत, तें म्हणजे आपली चूल नव्हे; तें भट्ट्यांनीं तापविलेलें कांचेचें घर असे. जमिनीखालून विटांचे धुराडे किंवा उकळत्या पाण्याचे नळ खेळविलेले असत. कातडीं कमावून उरलेल्या सालींचा ढीग आंबवून, त्याच्या उबेंत कुंड्या गाडीत. कोठें फट दिसली कीं ती बुजवीत, कारण फटींतून ऊब जाते आणि ऊब म्हणजे पैसा. अशा रीतीनें जिवंत रोपाला शिजविण्याची उत्तम सोय सिद्ध झाली. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनीं पुढें इंग्लंडास अर्धें शतकभर उष्ण देशांतील ऑर्किडांचें स्मशान म्हटलें तें याचमुळें.

यांत दोन निरनिराळ्या अडचणी होत्या आणि त्यांचा घोळ होत असे. पहिली अडचण हवेच्या स्वभावाची. थंड हवेंत पाण्याची वाफ फार थोडी मावते. सेंटिग्रेडच्या ५ अंशांवर एका घनमीटर हवेंत फार तर ७ ग्रॅम पाणी राहूं शकतें. २५ अंशांवर सुमारें २३ ग्रॅम. म्हणजे डिसेंबरची बाहेरची ओलीगच्च हवा आंत घेऊन ती नुसती तापविली, तर पाणी तेवढेंच राहतें, पण हवेची तहान तिपटीहून अधिक वाढते. ओलसर वाटणारी हवा वाळवंटाच्या हवेसारखी कोरडी होते आणि ती रोपांच्या अंगांतून पाणी ओढूं लागते. आज पुण्यांत किंवा दिल्लींत खोली तापविण्याची शेगडी लावल्यावर आपले ओठ फुटतात त्याचें कारण हेंच. मग माळी तापलेल्या नळांवर आणि फरशीवर बादल्याच्या बादल्या ओतीत. येथपर्यंत त्यांचें बरोबर होतें. ऊब द्यावयाची तर तिच्या मागोमाग ओलही दिलीच पाहिजे, हा नियम आजही तितकाच खरा आहे.

दुसरी अडचण ऑर्किडांच्या स्वभावाची, आणि ती त्यांना कळली नव्हती. जाड पानांच्या पुष्कळ ऑर्किडांची श्वासाची तऱ्हा सामान्य झाडांहून उलटी असते. दिवसाच्या उन्हांत पाणी उडूं नये म्हणून तीं पानांवरचीं सूक्ष्म रंध्रें मिटून घेतात आणि रात्रीं, हवा गार व दमट झाल्यावर, उघडतात. हवेंतील कर्बवायु तीं रात्रीं सांठवितात व दिवसा त्याचें अन्न करितात. अशा वनस्पतीला रात्रीचा गारवा हा उपद्रव नसून गरज असते. कांचघरांत घडे तें नेमकें विपरीत. बाहेर थंडी वाढे ती रात्रीं; म्हणून भट्टी पेटे तीही रात्रींच. दिवसाइतकी, कधीं दिवसाहून अधिक, तापलेली कोंदट रात्र! रोप दिवसभर जें मिळवी तें रात्रीं खर्चून टाकी. वारा बंद असल्यामुळें पानांच्या बेचक्यांत पाणी सांचे आणि कूज लागे. अखेर माळी वहींत लिहीत कीं रोप थंडीनें गेलें, आणि दुसऱ्या दिवशीं कोळसा वाढवीत.

हा भ्रम कोणा एकानें एका दिवसांत घालविला नाहीं. पॅक्स्टननें चॅट्सवर्थला ऑर्किडांसाठीं निराळीं घरें करून उष्णता कमी ठेवली, खिडक्या उघडल्या, जमीन ओली पण हवा खेळती राखली, आणि त्याचीं रोपें तरारलीं. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हुकर यांची साक्ष, कारण ती कांचघरांतली नाहीं. १८५० च्या शरदृतूंत ते खासी टेंकड्यांत होते. तेथें ओकच्या विरळ, खुरट्या वनांत त्यांना निळा वांडा भरभरून फुललेला आढळला. वांडा हें नांव आपलेंच आहे. संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून तें वनस्पतिशास्त्रांत गेलें. हुकर यांनीं नोंद केली आहे ती अशी: हीं रोपें ज्या फांद्यांवर आहेत त्यांवर पाला थोडा, शेवाळ नाहीं, ऊन, पाऊस, वारा सारें थेट अंगावर येतें. मुळें कोरड्या खरबरीत सालीवर पसरलेलीं. पावसाळ्यांत हवा अति दमट खरी, पण कुबट उकाडा कोठेंच नाहीं. फुलण्याच्या दिवसांत तपमान फॅरनहाइटच्या ६० ते ८० अंशांमध्यें, आणि हिंवाळ्यांत तर जमिनीवर हिमकण धरतात. हिंवाळ्याची थंडी, उन्हाळ्याचें ऊन, शरदांतील कोरडेपणा आणि मोकळा वारा, या ज्या चार गोष्टी हें फूल मागतें, त्यांपासूनच आपण इंग्लंडांत त्याला जिवापाड जपून दूर ठेवितों, असा त्यांचा अभिप्राय आहे. ग्रंथांतरींच्या अरण्यापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेल्या झाडावर विश्वास ठेवणारा माणूस असा बोलतो.

परंतु हेच हुकर त्याच ठिकाणीं काय करीत होते तेंही सांगितलें पाहिजे. त्यांनीं या निळ्या वांड्याचीं सात माणसांच्या ओझ्याइतकीं रोपें क्यूच्या राजोद्यानासाठीं उतरवून घेतलीं आणि त्यांतलीं फारच थोडीं जिवंत पोंचलीं. दुसऱ्या एका गृहस्थानें माळी धाडून एक माणसाचें ओझें विलायतेस नेलें. तें रोडावलेल्या स्थितींत उतरूनही ३०० पौंडांना गेलें. एवढा भाव म्हटल्यावर पुढें काय झालें असेल तें सांगणें नलगे. दक्षिण अमेरिकेंत ॲल्बर्ट मिलिकन नांवाच्या ऑर्किड-शिकाऱ्यानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं सुमारें दहा हजार रोपें मिळविण्यासाठीं त्यानें चार हजारांच्या आसपास झाडें तोडविलीं. फांदीवरचें रोप उतरविण्यास शिडी लावण्यापेक्षां झाड पाडणें स्वस्त पडे! भारतांत निळ्या वांड्याला कायद्याचें संरक्षण मिळालें तें १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत १९९१ सालीं झालेल्या दुरुस्तीनें. हुकर यांच्या सात ओझ्यांनंतर सुमारें एकशेंचाळीस वर्षांनीं.

आतां आपल्या कोंकणाकडे येऊं, कारण येथील ऑर्किडांनीं विलायती माळ्याला आणखी एक कोडें घातलें असलें पाहिजे. पेण-जिते या टापूंत वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. हा आंकडा वाचून कोणीही म्हणेल कीं येथील रोपास पाणीच पाणी हवें. पण तो पाऊस पडतो मुख्यतः चार महिन्यांत. दसरा झाला कीं आभाळ निवळतें आणि पुढें मृगापर्यंत जवळजवळ आठ महिने कोरडे जातात. या काळांत ऑर्किड जगतें तें खाडीवरून येणाऱ्या ओलसर वाऱ्यावर आणि मार्गशीर्ष-पौषांतील पहांटेच्या दंवावर. डेंड्रोबियम बार्बाट्युलम हें सह्याद्रींतलें एक लहानसें ऑर्किड पाहा. पावसाळा सरला कीं तें आपलीं सगळीं पानें टाकून देतें. फांदीवर उरतात फक्त वाळक्या काड्यांसारखे दांडे. पाहणाऱ्यानें तें मेलें असेंच समजावें. आणि मग ऐन हिंवाळ्यांत, आंब्याला मोहोर येण्याच्या दिवसांत, त्या निष्पर्ण काड्यांवर पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुबके येतात. अशा रोपाला बाराही महिने आषाढ देणाऱ्या कांचघरांत त्याची झोपच मोडणार. पानें गळालेलीं पाहून माळी अधिक पाणी घालणार आणि रोप मुळांतून कुजणार. ऑर्किडांना विश्रांतीचा ऋतु असतो, तेव्हां पाणी आंखडतें घ्यावें लागतें, ही गोष्ट विलायतेच्या बागकामांत रुळण्यास बराच काळ लागला. आपल्याकडे कोणी ती मुद्दाम शिकविली नाहीं, कारण येथें तें काम ऋतूच करीत होते.

या वनस्पतींची नोंद मुंबई इलाख्यांत कोणी केली, हेंही थोडक्यांत सांगतों. टपालखात्यांतील जॉन ग्रॅहम यांनीं मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी केली. १८३९ सालीं खंडाळ्यास त्यांचा अंत झाला आणि उरलेलें काम निम्मो नांवाच्या स्नेह्यानें पुरें केलें. पुण्याजवळ दापोडीस माल्कम साहेबांनीं १८२८ सालीं सरकारी बाग काढली होती. तिचे प्रमुख १८३८ पासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन होते. ड्यूकाच्या माळ्याशीं यांचा नांवापलीकडे संबंध नाहीं. हेच गिब्सन पुढें मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगलतोडीनें पाऊसपाण्यावर काय परिणाम होतो याविषयीं सरकारास बजावणाऱ्या आरंभीच्या अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांनीं डॅल्झेल यांच्यासह लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ सालीं निघाला. नंतर कुक यांचा ग्रंथ, मग ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचे १९३१-३२ मधील लेख. आणि अखेर १९६६ सालीं फादर सांतापाव व कपाडिया यांचें ‘ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हें केवळ ऑर्किडांना वाहिलेलें पुस्तक. स्पेनहून आलेला एक जेझुइट पाद्री खंडाळ्याच्या घाटांत वर्षानुवर्षें पायपीट करतो आणि आमच्या आंब्यावरच्या फुलांचा हिशेब आम्हांस देतो, याचें कौतुक करावें कीं आपण तें आधीं कां केलें नाहीं याचा विचार करावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

चॅट्सवर्थच्या त्या मोठ्या कांचघराचें काय झालें? पॅक्स्टननें १८३६ सालीं तें बांधावयास घेतलें आणि १८४० सालीं पुरें केलें. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट. खालीं आठ बाष्पपात्रें, सात मैलांचे नळ, आणि बागेची शोभा बिघडूं नये म्हणून कोळसा आणावयास जमिनीखालून भुयार. १८४३ च्या डिसेंबरांत राणी व्हिक्टोरिया तेथें आली तेव्हां बारा हजार दिवे लावले होते आणि तिची घोड्यांची गाडी कांचघराच्या आंतून, केळी-ताडांच्या मधून, चालत गेली. बाहेर इंग्लंडचा हिंवाळा! येथें मिळालेल्या अनुभवावर पॅक्स्टननें १८५१ सालीं लंडनचा स्फटिकमहाल उभारिला. पुढें पहिलें महायुद्ध आलें. कोळसा कारखान्यांस आणि आरमारास हवा होता, बागेचीं माणसें रणांगणावर गेलीं होतीं. भट्ट्या विझल्या. जीं झाडें सत्तर-पंचाहत्तर वर्षें उबेवर पोसलीं होतीं तीं गारठून मेलीं. १९२० सालीं ती वास्तु सुरुंग लावून पाडावी लागली.

अशी सक्तीची ऊब आपल्याकडे मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. निफाडकडे पारा कधीं कधीं दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. तेव्हां द्राक्षबागाईतदार रात्रीं बागेंत ठिकठिकाणीं शेकोट्या पेटवितो आणि पहांटे वेलींना पाणी सोडतो. ऊब आणि ओल यांची तीच जोडी, कांचेशिवाय. जिथें थंडी एका रात्रीची पाहुणी असते तिथें शेकोटी पुरते. जिथें ती पांच महिने ठाण मांडते तिथें कांचघर लागतें.

आतां पुष्कळ घरांतून खिडकींत एखादें ऑर्किड असतें. पूर्वीं तें बियांपासून वाढविणें जवळजवळ अशक्य होतें, कारण धुळीसारख्या त्या बीजांत अन्नाचा सांठाच नसतो. रानांत एक विशिष्ट बुरशी त्यास पोसते. फ्रान्समध्यें नोएल बर्नार यानें १८९९ सालीं हें उघडकीस आणिलें आणि अमेरिकेंत नडसननें १९२२ सालीं साखर घातलेल्या खळीवर बुरशीशिवायच रोपें उगविलीं. तेव्हांपासून ड्यूकांची मिरास संपली. बाजारांत मिळणारें फॅलेनॉप्सिस मूळचें फिलिपाइन्सकडील रानांतलें. तें सेंटिग्रेडच्या पंधरा अंशांखालीं कष्टी होतें. पुण्या-नाशकाच्या घरांत डिसेंबर-जानेवारींत तें उघड्या खिडकीपासून रात्रीं आंत घ्यावें. कुंडीखालीं परातींत खडे पसरून त्यांत पाणी ठेवावें, म्हणजे भोंवतालची हवा दमट राहते. कुंडीचा तळ मात्र पाण्यास टेकूं देऊं नये. पाणी सकाळीं घालावें, संध्याकाळीं नव्हे, आणि पानांच्या गाभ्यांत सांचल्यास टिपून घ्यावें. खोली बंद करून तापवूं नये.

सीतेच्या वेणीला यांतलें कांहींच लागत नाहीं. ती झाडावरून मुद्दाम उतरवूं नये. परंतु वादळानें मोडलेल्या खांदीवर ती जमिनीवर पडलेली सांपडली, तर नारळाच्या सोडणाच्या तुकड्यासह अंगणांतल्या आंब्याच्या किंवा फणसाच्या बुंध्याला, सकाळचें ऊन लागेल अशा बाजूस, सुंभानें घट्ट बांधावी. पावसाळ्याच्या तोंडीं बांधली तर श्रावण-भाद्रपदांत नवीं मुळें सालीवर धांवूं लागतात. सुंभ एक-दोन वर्षांत आपोआप कुजून गळतो; तोंवर तिनें झाड धरलेलें असतें.